चला रे सगळे

१

धोंडाबाईंची एक खोड सगळ्या नात्यागोत्यात ठाऊक होती. लग्न असो, बारसं असो, सप्तशृंगीचा गड असो नाहीतर दवाखाना, निघायची वेळ झाली की त्या दारात थांबायच्या, तोंड आतल्या बाजूला करायच्या आणि खणखणीत आवाजात म्हणायच्या, "वेदिका, चल घरी." नात त्यांचं बोट धरून शेजारीच उभी असली तरी हाक आतच जायची. आणि वेदिकानं "आले" म्हटल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडायचा नाही. लहान पोराचं मन परक्या जागी रमतं आणि अंग तेवढं घरी येतं, असं त्यांचं म्हणणं. घरी पोचल्यावर भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी ओवाळून टाकायचं, तेव्हा कुठे प्रवास संपला.

त्यांची सून तेजल नाशिकरोडच्या एका शाळेत सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवायची. त्यामुळे या हाकेची तिला थोडी लाज वाटायची आणि थोडी गंमतही. पण सासूशी वाद घालायची तिला हौस नव्हती. आठ वर्षांची वेदिका तर आजीची हाक आली की मुद्दाम ताणून "आऽऽले" म्हणायची आणि आजूबाजूचे लोक हसायचे.

घरातली दुसरी गंमत म्हणजे हर्षल, तेजलचा नवरा. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला, सज्जन माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण नावानं हाक मारली की ढिम्म. मित्रांनी मारा, साहेबांनी मारा, त्याला ऐकूच जायचं नाही. "जेवायला चला रे सगळे" म्हटलं की मात्र गडी सगळ्यांच्या आधी ताटावर हजर. "आमचे हे पोटानं ऐकतात," असं तेजल चारचौघांत सांगायची. तिचं स्वतःचं काही अडत नव्हतं, कारण ती त्याला "अहो" म्हणायची. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं त्याचं नाव तोंडानं घेतलंच नव्हतं. धोंडाबाईंनीही लेकाला नावानं बोलावणं केव्हाचं सोडून दिलं होतं. का, ते तेजलनं कधी विचारलं नाही.

२

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला जायचं वेदिकानं ठरवलं. शाळेत बाईंनी सांगितलं होतं की पुणं म्हणजे विद्येचं माहेरघर, आणि हिचे बाबा तर तिथेच शिकलेले. त्याचा पुरावा हॉलमधल्या शोकेसमध्ये होता. हॉस्टेलच्या लाकडी जिन्यावर बसलेला विशीतला हर्षल, अंगात मरून रंगाचा स्वेटर, आणि स्वेटरचं सगळ्यात वरचं बटण पांढरं. मूळ बटण हरवलं तेव्हा धोंडाबाईंनी सदऱ्याचं बटण लावून दिलं होतं.

"बाबा, तो स्वेटर कुठंय?"

"राहिला तिथंच," हर्षल म्हणाला.

जायचं नाव काढलं की तो विषय टाळायचा. "एवढं काय बघायचंय तिथं? ट्रॅफिक नुसता. त्यापेक्षा भंडारदऱ्याला जाऊ." शेवटी तेजलनंच हट्ट धरला. इतकी वर्षं झाली लग्नाला, नवऱ्याचं कॉलेज पाहिलं नाही म्हणजे काय?

गुडघे धरल्यामुळे धोंडाबाई घरीच थांबल्या. पहाटे गाडीशी येऊन त्यांनी तेजलचा हात धरला. "निघताना पोरीला हाक मार बरं का. नाव घेऊन. लाजू नको."

"नाही विसरणार, आई."

"आन..." त्यांनी काच पुसणाऱ्या हर्षलकडे पाहिलं आणि पुढचं बोलणं गिळलं. "काय नाय. जा. सांभाळून."

दिवस छान गेला. शनिवारवाड्याच्या दरवाजातले खिळे वेदिकानं हात लावून पाहिले. विद्यापीठाच्या मोठ्या इमारतीसमोर फोटो झाले. दुपारी पुण्याची मिसळ खाऊन तिघांनीही अस्सल नाशिककराला शोभेल असं नाक मुरडलं. मग वेदिकानं बाबाच्या हॉस्टेलचा धोशा लावला.

कॉलेजच्या मागे दगडी, दुमजली इमारत. सुट्टीमुळे सामसूम. हर्षलनं गाडी फाटकाबाहेर लावली आणि तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

"तुम्ही या जाऊन. मी इथंच थांबतो."

"अहो, तुमची खोली कोण दाखवणार मग?"

"वरच्या मजल्यावर, जिना चढलं की समोरची," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता म्हणाला.

वॉचमननं हातातला चाव्यांचा जुडगा हलवत पाच मिनिटांची परवानगी दिली. आत लांबच लांब व्हरांडा होता. खालच्या मेसमध्ये स्टीलच्या थाळ्यांच्या चळती धुऊन पालथ्या घातलेल्या. वेदिका जिन्यावरून धडधडत वर पळाली. तेजल मागोमाग गेली. खोल्यांना बाहेरून कुलपं होती, पण एका दारामागून पुटपुट ऐकू येत होती, चारसहा मुलं एकदम पाठांतर करावीत तशी. परीक्षेसाठी थांबली असतील बिचारी, तेजलला वाटलं. बाहेरच्या कुलपाचा विचार तिला तेव्हा सुचला नाही.

हॉर्न वाजला. ती खाली आली. वेदिका काही दिसेना. जिन्याच्या तळाशी येऊन तिला सासूचे शब्द आठवले. पण वॉचमन दारातच उभा होता, टक लावून. परक्या माणसासमोर भिंतींकडे बघत "वेदिका, चल घरी" म्हणायचं तिच्या अगदी जिवावर आलं. मग सहलीला नेलेल्या पोरांना गोळा करताना तिच्या तोंडी सवयीनं जे यायचं तेच आलं. टाळी वाजवून ती म्हणाली, "चला रे सगळे! चला घरी!"

वरून आवाज आला, "आले."

ती थांबली. कोणी उतरलं नाही.

"मॅडम, तुमची मुलगी मघाशीच गाडीत जाऊन बसली," वॉचमन म्हणाला.

तेजलनं वर पाहिलं. प्रतिध्वनी असेल, तिनं स्वतःला सांगितलं. जुनी दगडी इमारत, उंच छत. पण प्रतिध्वनी आपलेच शब्द परत देतो, हे ती दरवर्षी सातवीला शिकवत आली होती. आणि "आले" हा शब्द तिनं उच्चारलाच नव्हता.

३

वेदिका मागच्या सीटवर खिडकीला चिकटून बसल्या बसल्या झोपली होती. अख्खी सीट मोकळी असताना ती अंग चोरून, खांदे आवळून बसली होती.

हर्षल मागचं दार धरून उभा होता. लावत नव्हता.

"अहो, लावा ना. डास येतात."

"हं," तो म्हणाला. अजून थोडा वेळ थांबला. मग त्यानं दार हळूच लावलं, कोणाचा हात चेपू नये म्हणून जपून लावतात तसं.

चाकण सुटलं. नारायणगावच्या अलीकडे गाडी चढाला दम टाकायला लागली. आळेफाट्याला हर्षलनं हवा भरायला थांबवली. हवा भरणाऱ्यानं मागचं चाक दाबून पाहिलं, वाकून खाली पाहिलं. "मागं लोड लय हाय साहेब. कशाला एवढी माणसं कोंबता? चाकावरचा पाटा मोडंल."

तेजलनं काचेतून मागे पाहिलं. झोपलेली पोर आणि एक पाण्याची बाटली.

तिनं हसून हर्षलकडे पाहिलं. तो हसला नाही. त्यानं मुकाट्यानं हवेचे पैसे दिले.

घरी धोंडाबाई भाकरीचा तुकडा घेऊन दारात तयार होत्या. त्यांनी पेंगुळलेल्या वेदिकावरून तो ओवाळला, सुनेवरून ओवाळला. हर्षल नेहमीसारखा "मला नको" म्हणत कडेनं आत सटकला. धोंडाबाई मात्र दार लावायचं विसरून बाहेरच्या अंधाराकडे बघत राहिल्या.

"काय झालं, आई?"

"कुत्री का भुकत नाय आज?" त्या म्हणाल्या. कॉलनीतली कुत्री फाटकाजवळ शेपट्या पायात घालून गप उभी होती.

४

दुसऱ्या दिवसापासून वेदिका ओ देईना.

आधी तेजलला वाटलं, खोडी काढते आहे. बापावर गेली, ती चेष्टेनं म्हणाली. पण वेदिका म्हणजे तोंडाचा पट्टा, अखंड सुरू. आता ती भिंतीकडे तोंड करून पुस्तक मांडीवर घ्यायची आणि ओठातल्या ओठात पुटपुटत राहायची. नावानं हाक मारा, कानाशी मारा, पापणी हलायची नाही. खांद्याला हात लावला की वळून बघायची आणि ओळखीचं हसायची. पाहुण्यांच्या घरी आलेली शहाणी मुलगी यजमानीण बाईकडे बघून हसते, तसं ते हसू होतं.

गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी कान तपासले. उत्तम होते. "प्रवासाचा शीण असेल. टीव्ही-मोबाइल बंद करा," म्हणाले.

घरात इतरही काही होत होतं, पण एकेकट्या गोष्टीला बोट लावावं असं काही नव्हतं. सकाळी बाथरूममध्ये बादलीचा, मगाचा आवाज, एक झाला की दुसरा, रांग लागल्यासारखा. दार ढकलावं तर आत कोणी नाही आणि फरशी ओली. वेदिकाच्या खोलीतून दुपारी पुटपुट यायची, एका पोरीच्या मानानं फार जाड. तेजल दारात गेली की ती एकदम थांबायची. वर्गात बाई शिरल्यावर मुलं गप्प होतात, ती शांतता तेजलच्या ओळखीची होती. म्हणूनच तिला तिची जास्त भीती वाटली.

पाइपमधून आवाज येतो, ती स्वतःला सांगायची. वीज केंद्राची यंत्रं चालतात, त्याची थरथर इथवर पोचते. इतकी वर्षं पोचली नव्हती का? पोचली असेल, आपलं लक्ष नसेल.

मग एका संध्याकाळी ती कुकर लावत असताना हॉलमधून टकटक सुरू झाली. थाळ्यांवर बोटांनी ताल धरल्यासारखी. हर्षलनंच तिला कधीतरी सांगितलं होतं, मेसमध्ये जेवायला उशीर झाला की आम्ही सगळे मिळून थाळ्या वाजवायचो. ती ओट्यापाशीच उभी राहिली. टकटक वाढत गेली. बाहेर येऊन पाहिलं, तर वेदिका रिकाम्या ताटावर नखानं ठोकत होती आणि समोर बसलेला हर्षल टीव्हीकडे बघत त्याच तालात बोटं चालवत होता. दोघंच होते. आवाज दोघांचा नव्हता.

"बंद करा!" तेजल किंचाळली.

सगळं थांबलं. हर्षलनं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि हात मांडीखाली दडवला.

"वेदू, जेवायला चल," तेजल म्हणाली. "वेदू. वेदिका! अगं, बघ ना माझ्याकडे!"

पोर हलली नाही. तेजल रडकुंडीला आली, वैतागली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "चला रे सगळे जेवायला!"

वेदिका टुणकन उठली. हर्षल उठला. आणि आतल्या खोलीतली खाट करकरली, तिच्यावरून बरीच माणसं एकामागून एक उठावीत तशी. दाराचा पडदा बाजूला झाला आणि बराच वेळ बाजूलाच राहिला.

५

रात्रभर तेजल लेकीला पोटाशी धरून तिच्या कानात तिचंच नाव सांगत राहिली. सकाळी ती सासूच्या पायाशी जाऊन बसली आणि तिला रडू फुटलं. आपल्या हातून काहीतरी झालंय एवढं तिला आतून कळलं होतं. बाकी सगळं विज्ञान संपलं होतं.

"नाव घेतलं व्हतं का?" धोंडाबाईंनी विचारलं.

"नाही. लाज वाटली हो मला. मी म्हटलं, चला रे सगळे."

धोंडाबाईंनी खाटेची कड धरली. "अगं पोरी. सगळे म्हन्लं की सगळे येत्यात. आन जिचं नाव घ्यायचं ती मागं राहती."

"सगळे म्हणजे कोण?"

"मला काय ठाऊक? ज्यांना न्यायला कोणी गेलं नसंल ते." त्यांनी सुनेचे डोळे पुसले. "रडू नको. आजच जा. पोरीला संगं ने. त्या दारात उभी राहा आन आधी त्यांना आत घाल, जशी आणलीस तशी. मंग पोरीचं नाव घे. ती ओ देईस्तोर हलू नको."

"आणि नाही दिली तर?"

"देईल. माझी वेदू हे ती." मग त्यांची नजर शोकेसकडे गेली. जिन्यावर बसलेला मुलगा फोटोतून हसत होता. "याला आणायच्या वेळी मला जाता आलं नाय. तुझे सासरे दवाखान्यात व्हते. म्हन्लं, मोठा झालाय पोरगा, येईल आपला आपण एसटीनं."

"आले की मग ते."

"आला," धोंडाबाई म्हणाल्या. मग तेजल उठायला लागली तशी त्यांनी तिचं मनगट घट्ट पकडलं. "तिथं आनखी कोणी वाट बघत असलं, तर..."

"तर काय, आई?"

"काय नाय," त्यांनी हात सोडला. "आधी पोरीला आन."

६

जाताना गाडी तशीच जड होती. वेदिका तशीच अंग चोरून बसली होती. आज आपल्याला कामावर जायचंय, असंसुद्धा हर्षल म्हणाला नव्हता. चावी घेतली आणि निघाला.

फाटकापाशी दुपारचं लख्ख ऊन होतं. वॉचमन जेवायला बसला होता. त्यानं डब्यावरून मान वर केली आणि हातानंच जा म्हणून खूण केली.

हर्षल गाडीतून उतरला, पण फाटकाच्या आत आला नाही. त्यानं फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरले. "तेजल, मला आत बोलावू नकोस हं," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "काहीही झालं तरी."

"नाही बोलावत. तुम्ही थांबा इथंच." तिला वाटलं, जुनी कसली तरी आठवण असेल, रॅगिंगबिगिंग. लेकीपुढे तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

ती वेदिकाचा हात धरून हॉस्टेलच्या दारात गेली. पोरीचा हात गार होता, पडवळासारखा सैल. आत तोच व्हरांडा, त्याच पालथ्या थाळ्या, तोच जिना. तेजलनं ओठांवरून जीभ फिरवली.

"चला रे सगळे," ती म्हणाली. "आत चला."

काही दिसलं नाही. फक्त तिच्या दोन्ही बाजूंनी वारं सरकत गेलं, न संपणारं, आणि जिन्याच्या फळ्या खालपासून वरपर्यंत वाजत गेल्या. जायची इच्छा नसलेल्या पायांचा तो आवाज होता. त्यांच्यासाठीही तिचं आतडं तुटलं. कुणाची तरी पोरंच ती.

तेवढ्यात मागे फाटक खडखडलं. तिनं वळून पाहिलं.

हर्षलचा एक पाय उचलला गेला होता. तो पाय पुढे यायला बघत होता आणि हर्षल गजांना लोंबकळून स्वतःला मागे ओढत होता. बोटं पांढरीफटक पडली होती. तो तिच्याकडे बघत होता. रस्ता चुकलेल्या लहान मुलाच्या डोळ्यांत असते तशी भीती त्याच्या डोळ्यांत होती. जिन्याचा आवाज थांबला तेव्हा त्याचा पाय खाली टेकला.

त्याचं नावानं ओ न देणं, "सगळे" म्हटल्यावर सगळ्यांच्या आधी उठणं, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. ती रांग तिनं मनातून ढकलून दिली. आधी पोरगी. आधी माझी पोरगी.

"वेदिका," तिनं हाक मारली. आवाज फुटला. तिनं पुन्हा छाती भरून हाक मारली, सासूसारखी, लाजलज्जा सोडून. "वेदिका, चल घरी!"

वर शांतता. देवा, एवढी हाक ऐकू दे. पुन्हा कधी काही मागणार नाही.

"आऽऽले!"

ताणून. मुद्दाम ताणून.

आणि तिच्या हातातला तो सैल, गार हात एकदम ऊबदार झाला, त्यानं तिची बोटं गच्च धरली. "आई, किती उशीर केलास गं! मी कधीची वाट बघत होते. मला भूक लागली."

तेजल गुडघ्यांवर बसली आणि लेकीला कवटाळून हुंदके देऊ लागली. वेदिकानं तिच्या पाठीवर थोपटलं. पुन्हा पट्टा सुरू झाला होता. वर किती खोल्या आहेत, मुलं किती हळू बोलतात, एकही गोष्टीचं पुस्तक नाही. "आणि आई, त्या दादाला पण घेऊ या ना. त्यानं मला सांभाळलं. मी रडायचे तेव्हा म्हणायचा, रडू नको, आई येते. त्याची आई त्याला हाक मारणार आहे. खूप दिवस झाले म्हणाला. तोपर्यंत तो खाली येऊ शकत नाही."

"कोण दादा?"

वेदिकानं बोट दाखवलं.

जिन्याच्या वळणावर, जिथे ऊन पोचत नव्हतं, तिथे कठड्यावर एक हात होता. मरून बाही, मनगटाशी उसवलेली. चेहरा अंधारात होता. गळ्याशी एक बारीक पांढरा ठिपका दिसत होता. बटण. तो जो कोण होता, तो थोडा पुढे वाकला होता, हाक ऐकायला वाकतात तसा.

नाव तेजलच्या ओठांपर्यंत आलं. जे नाव तिनं एवढ्या वर्षांत एकदाही हाक म्हणून घेतलं नव्हतं. एकच शब्द होता. आणि तो उच्चारला तर फाटकाशी उभा असलेल्याचं काय होणार होतं? ज्याच्या शेजारी ती झोपत होती, जो ताप आल्यावर तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवायचा, ज्याचं नाक वेदिकाच्या चेहऱ्यावर होतं, त्याचं?

बाहेर हॉर्न वाजला. एकदाच, घाबरत घाबरत.

तेजलनं वेदिकाला कडेवर उचललं, एवढी मोठी घोडी, तरी उचललं आणि ती पळत सुटली. मागे जिन्यावर कोणी काही म्हणालं नाही. तेच तिला पुढे आयुष्यभर ऐकू येणार होतं.

७

परतीला गाडी हलकी होती. वेदिका मागच्या सीटवर हातपाय पसरून झोपली.

संगमनेर मागे पडल्यावर हर्षलनं समोर बघतच विचारलं, "आणखी कोणी होतं का वर?"

"नाही," तेजल म्हणाली.

त्यानं मोठा श्वास सोडला. मग गिअरवरचा हात उचलून तिच्या हातावर ठेवला. तो हात नेहमीसारखाच होता, उबदार, तळव्याला घट्टे पडलेला. तेजलनं तो झिडकारला नाही आणि धरलाही नाही.

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा दिवस मावळत होता. धोंडाबाई दुखऱ्या गुडघ्यांनी दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. गाडी थांबताच त्यांनी तिथूनच हाक दिली, "वेदिका!"

"आऽऽले!" म्हणत पोरगी धावली. म्हातारीनं तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळला, पाणी ओवाळलं, दूर फेकलं, आणि तिला छातीशी धरून त्या ओक्साबोक्शी रडल्या. वेदिका "आजी, पुरे ना" म्हणत निसटून आत पळाली.

तेव्हा तेजलला दिसलं. धोंडाबाईंच्या हातात आणखी एक तुकडा होता.

"आन माझा?" त्यांनी विचारलं.

"काय, आई?"

"तुझी पोर आणलीस. माझा पोरगा?"

"हे काय, गाडी लावतायत," तेजल म्हणाली. आपला आवाज किती खोटा आहे ते तिलाच ऐकू आलं.

धोंडाबाईंनी गाडी लावणाऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दिसला का तुला? एवढंच सांग. थंडी वाजती का त्याला? स्वेटर हाय ना अंगात?"

तेजलनं मान हलवली. हो म्हणून.

"हाक नाय मारलीस?"

तेजल पायरीकडे बघत राहिली. तिला सांगायचं होतं की आई, तुम्ही तरी काय केलं असतं, तुम्हीही एवढी वर्षं याला जेवायला वाढलंच ना. तिला सांगायचं होतं की तो अजूनही तुमचीच वाट बघतोय.

हर्षल पाण्याची बाटली घेऊन आला आणि आईच्या हातातला तुकडा बघून पायरीच्या खालीच थांबला. आत यावं की नाही, हे न कळणाऱ्या पाहुण्यासारखा.

आतून वेदिकाचा आवाज आला, "आई, भूक लागलीय मला! चला ना सगळे जेवायला!"

आणि हर्षल लगबगीनं, दोघींच्या मधून वाट काढत, सगळ्यांच्या आधी आत गेला.

धोंडाबाई तुकडा हातात घेऊन रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.